गलबतावरचं गोडं पाणी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी माझ्या थोरल्या भावाकडे बोट दाखवतो. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. आमचं गाव कोरेगावच्या बाजूला. वडील लवकर गेले तेव्हा दादांनी चौथीतून शाळा सोडली, काही वर्षं शेत केलं आणि मग पलटणीत भरती झाले. ते भरती झाले म्हणून मी कोरेगावला इंग्रजी शाळेत गेलो. पुढे लढाईच्या काळात ते परमुलखात खंदकात बसलेले असताना मी सांगलीच्या कॉलेजात इतिहासाची पुस्तकं वाचत बसलो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं.

मी बी.ए. झालो तेव्हा लढाई संपून वर्ष होत आलं होतं. गावोगावची माणसं पलटणीतून नाव कापून घरी येत होती. दादा फक्त सुट्टीवर आले. मी म्हणालो, "आवं दादा, आता कशापायी थांबताय तिकडं?"

"तू साताऱ्यात मास्तर झालास की दुसऱ्या दिवशी नाव कापून येतो," ते म्हणाले. "तवर न्हाई. घरात एक तरी पगार पक्का पायजे का नको?"

वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण भाकरी थापणारा हात थांबला. त्यांच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि दादांच्या सगळ्या सुट्ट्या एकत्र केल्या तरी त्यांचा संसार वर्षभराचा भरला नसता.

तेव्हा माझी नोकरी म्हणजे दादांचं घरी येणं होतं. हे मला पक्कं ठाऊक होतं.

साताऱ्याच्या एका हायस्कुलात दिवाळीनंतर इतिहासाच्या शिक्षकाची जागा भरायची होती. संस्थेचे अध्यक्ष गावातले नामांकित वकील. त्यांना इतिहासाचा नाद होता. मी अर्ज घेऊन गेलो तेव्हा त्यांनी अर्जातला मजकूर वाचला नाही, अक्षर पाहिलं.

"अक्षर सुरेख आहे," ते म्हणाले. "दिवाळीत आम्ही चिपळूणहून गलबताने दक्षिणेला निघालोय. मराठ्यांच्या आरमारातलं गलबत आहे, अजून चालतं. पाच दिवसांची सहल. तुम्ही बरोबर चला, प्रवासाची टिपणं लिहून घ्या. तुमची पारखही होईल. जागेचं मग पाहू. आणि हो, आमच्याकडे भेदाभेद नाही. तुम्ही आमच्या पंगतीला बसायचं."

मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. तेव्हा मला खरोखर भरून आलं होतं. हे आज लिहायला जड जातं.

वहिनींनी जाताना माझ्या पिशवीत चार लिंबं टाकली. "भावजी, बोट लागली तर हुंगा. आन् सायबाच्या म्होरं म्होरं करू नगा, पर मागंबी ऱ्हाऊ नगा."

उंब्रजवरून घाट उतरून आम्ही मोटारीने चिपळूणला गेलो आणि तिथून गोवळकोटच्या बंदरावर. लोक समुद्रावर हवा खायला जातात, गलबत पाहून त्यांना काव्य सुचतं, असं मी नंतर पुष्कळ ऐकलं. मला त्या गलबताचा पहिल्या घटकेपासून राग आला. ते मोठ्या होडीएवढंच, काळं, तेलकट. आत खाली सुक्या मासळीचा आणि कुजलेल्या दोरांचा वास, वर चटयांचं छप्पर, मधोमध डोलकाठी. बसायला सपाट अशी जागा कुठेच नाही. अध्यक्ष मात्र पुढच्या टोकावर, नाळेवर, हात फिरवून म्हणाले, "दीडशे वर्षांचं सागवान! लिहा."

तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, खारवी होता, पन्नाशीचा, वाळलेल्या शेंगेसारखा. तो म्हणाला, "दीडशे कसली साहेब? माझ्या आज्याच्या सासऱ्याने बांधलं, मीठ न्यायला."

"तुला काय ठाऊक? या नाळेची धाटणी बघ!"

"नाळ मीच बदलली हाय. तीन वर्सं झाली."

"हे लिहू नका," अध्यक्ष मला म्हणाले.

आमच्या मंडळीत अध्यक्ष, त्यांची थोरली बहीण, आचारी आणि मी, एवढेच. बहिणीला सगळे अक्का म्हणत. लहानपणी विधवा होऊन त्या माहेरी परत आल्या होत्या आणि आई वारल्यावर या भावाला त्यांनीच वाढवलं होतं. दोन वर्षांपूर्वी अध्यक्ष विषमज्वराने मरणाच्या दारात होते. तेव्हा अक्कांनी कुणकेश्वराला नवस केला होता: भाऊ उठला की त्याला घेऊन समुद्राच्या वाटेने तुझ्या पायांशी येईन, आणि घर सोडल्यापासून दर्शन होईपर्यंत दोघंही सोवळ्यातल्या पाण्याखेरीज थेंब तोंडात घालणार नाही. अध्यक्षांना गलबताची हौस, अक्कांना नवस; एकाच खेपेत दोन्ही उरकायचं होतं. म्हणून चिपळुणात विहिरीवर आचाऱ्याने स्वतः पाणी ओढून तीन तांब्याच्या घागरी भरल्या, त्यांच्या तोंडांना धूतवस्त्रं बांधली आणि गलबताच्या मागच्या अंगाला त्या दोराने आवळून ठेवल्या. खलाशांचं पाणी पुढे, एका लाकडी पिंपात.

पहिल्या जेवणाला आचाऱ्याने पानं मांडली. दोन छपराखाली, आणि एक डोलकाठीच्या पलीकडे. पलीकडचं माझं. मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते भातावर वरण घेत होते.

"अक्कांचं सोवळं आहे," ते पानाकडे पाहत म्हणाले. "नवसापुरतं सांभाळून घ्या."

मी सांभाळून घेतलं. आमच्या गावातही कोण कुठे बसतो ते ठरलेलंच होतं, आणि मी काही आभाळातून पडलो नव्हतो. मला राग आला तो साताऱ्यातल्या त्या वाक्याचा. ते बोलले नसते तर मी डोलकाठीच्या पलीकडे मुकाट्याने जेवलो असतो. पाणी हवं असलं की मी तांब्या खाली ठेवून चार पावलं मागे सरायचो, मग आचारी लांबून धार सोडायचा. दुसऱ्या दिवशी मी ते बंद केलं आणि तांडेलाच्या पिंपातलं पिऊ लागलो. पाणी जरा लाकडाच्या वासाचं, पण तांडेल निदान पत्र्याचा मग माझ्या हातात द्यायचा.

दाभोळची खाडी सुटली आणि मला बोट लागली. अशी लागली की आतडी तोंडाशी आली. वहिनींची लिंबं हुंगून हुंगून संपली. अध्यक्षांना याची मोठी मौज वाटे. "काय बी.ए.? पानिपत झालं का?" असं ते दर तासाला विचारत, आणि मी ओकत असताना वाकून म्हणत, "टिपणं राहतायत हं!" मी पडल्या पडल्या लिहीत होतो. सकाळी अमुक किल्ला दिसला, दुपारी तमुक. किनारा, नारळी, किनारा. मला काहीही सुंदर वाटलं नाही. कृष्णेला दोन काठ असतात, माणूस पोहून कुठेतरी पोचतो. या पाण्याला पोचायचं ठिकाणच नव्हतं.

तांडेल एकदा शेजारी येऊन बसला. "मास्तर, तुमचा नांगर जमीन उकरतो, आमचा जमीन धरून राहतो. तुम्ही पण कायतरी धरून राहा. त्या डोलकाठीकडे बघा, पाण्याकडे नको." त्या पाच दिवसांत माझ्याशी सरळ बोललेला तो एकटा माणूस.

तिसऱ्या दिवशी रत्नागिरी मागे पडली आणि दुपारी वारा मेला. मला वाटलं, आता तरी गलबत स्थिर राहील. पण वाऱ्याने भरलेलं शीड गलबताला एका अंगावर धरून ठेवतं. वारा गेला की धरणारं कुणी उरत नाही. दूरच्या कुठल्यातरी लाटा खालून येत होत्या आणि गलबत या कुशीवरून त्या कुशीवर आदळत होतं. मी मागच्या बाजूला पडलो होतो. समोर घागरींचा दोर सैल झालेला मला दिसला. आचारी पुढे होता. मी हाक मारेपर्यंत पहिली घागर कलंडली, तिचं पाणी माझ्या पायांवरून वाहून गेलं, आणि पुढच्या हेलकाव्याला उरलेल्या दोन्ही सुटल्या.

आमच्याकडे उन्हाळ्यात बाया मैलभरावरून पाणी आणतात. भरलेली घागर पडताना पाहून हात मागे ठेवणारा माणूस आमच्या मुलखात मी पाहिलेला नाही. मी उठलो कसा ते मला कळलं नाही. दोन्ही घागरी दोन बगलांत घेऊन मी फळीला पाय रोवून बसलो. एक थेंब सांडू दिला नाही. तीन दिवसांत प्रथमच मला आपण काही उपयोगाचं केलं असं वाटलं, आणि मी हसून वर पाहिलं.

अक्का माझ्याकडे पाहत होत्या. त्या ओरडल्या नाहीत. आचाऱ्याला म्हणाल्या, "ते आता समुद्राला दे."

आचाऱ्याने घागरी उपड्या केल्या. गोडं पाणी खाऱ्यात पडताना वेगळं दिसत नाही.

"अहो, हात कशाला लावलात?" अध्यक्ष कडाडले.

"पडत होत्या साहेब."

"पडू द्यायच्या होत्या!"

तांडेलाला हसू आवरलं नाही. "पडल्या असत्या तरी गेल्याच असत्या की साहेब. धरल्या म्हणून काय वाईट झालं?"

"तू गप्प बस. मागची होडी सोड आणि किनाऱ्यावरून पाणी आण."

"किनारा खडकांचा हाय, होडी फुटेल. आणि माणसं होडीत घातली न् वारा सुटला तर शीड कोण ओढील? हे बी.ए.?" मग त्याने पुढे बोट केलं. "आणि पाणी नाय असं कुणी सांगितलं? पिंप भरलेलं हाय."

अक्कांनी तोंड फिरवलं. भरलेलं पिंप दहा हातांवर होतं आणि गलबतावर पाणी नव्हतं. तांडेलाने आपल्याजवळचे दोन नारळ फोडून दिले, ते अक्कांनी घेतले. फळाला विटाळ नसतो. संध्याकाळपर्यंत तेही पाणी संपलं. कुणकेश्वराला वाहायचे पाच नारळ त्यांच्या पिशवीत होते, पण ते देवाचे. आचाऱ्याने एकदा त्या पिशवीकडे पाहिलं तेव्हा अक्कांनी ती मांडीखाली घेतली.

दुसऱ्या दिवशीही पाणी काचेसारखं. ऊन चढलं तशा अक्का छपराखाली कडेच्या फळीला टेकून डोळे मिटून बसल्या. ओठ फुटले होते. माझी त्यांच्यावर काही माया नव्हती. माझा हात लागला म्हणून त्यांनी पाणी ओतलं होतं. तरी मला ते पाहवेना, म्हणून मी उठून पुढे गेलो. खाली सोडलेल्या शिडाच्या आड अध्यक्ष उभे होते. त्यांच्या हातात तांडेलाचा मग होता आणि ते पीत होते. घटाघटा, डोळे मिटून. पाणी हनुवटीवरून जानव्यावर ओघळत होतं. तोंडापुढचा मग खाली आला तेव्हा मी त्यांना दिसलो.

त्यांनी मिशा पुसल्या. "औषधाची गोळी घ्यायची होती," ते म्हणाले.

हातातला मग त्यांनी पिंपावर पालथा ठेवला.

"तुम्ही काही पाहिलं नाही. साताऱ्याला गेल्यावर पहिल्या बैठकीत तुमचं काम करतो."

"होय साहेब," मी म्हणालो. मला दादांचा चेहरा दिसला, वहिनींचा थांबलेला हात दिसला. हे "होय" मी अगदी मनापासून म्हणालो होतो.

दुपारी वारा आला. दिवस मावळायला विजयदुर्गाच्या खाडीत नांगर पडला. आचारी होडीने जाऊन विहिरीचं पाणी घेऊन आला. अक्कांनी एक तांब्या संपवला, दुसरा संपवला, मग बऱ्याच वेळाने तिसरा. अध्यक्षांनी दोन घोट घेऊन भांडं खाली ठेवलं. अक्का त्या भांड्याकडे बघत राहिल्या. त्यांनी काय ओळखलं ते मला तेव्हा समजलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी कुणकेश्वरच्या वाळूत होडीतून उतरलो. देऊळ समोर होतं, लाटा पार पायरीपाशी येत होत्या. अध्यक्ष खुशीत होते. माझ्या खांद्यावर हात टाकून, अक्कांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचे बी.ए. घागरी फार छान धरतात हो! शाळेत शिपायाची जागा निघाली तर आधी यांना विचारू." आणि हसले. थट्टाच होती. असल्या पन्नास थट्टा मी त्या पाच दिवसांत गिळल्या होत्या.

अक्का पायरीवर थांबल्या. "आत जाण्याआधी एक सांग," त्या भावाला म्हणाल्या. "तू त्या पिंपातलं पाणी प्यायलास का?"

"नाही, अक्का."

"दीड दिवस तहानलेला माणूस दोन घोटांवर थांबत नाही."

"नाही म्हणतो ना!"

त्या माझ्याकडे वळल्या. पाच दिवसांत प्रथमच त्या माझ्याशी थेट बोलल्या. "मास्तर, तुम्ही सांगा. हा प्यायला का?"

मला 'ठाऊक नाही' म्हणता आलं असतं. 'मी पडून होतो' म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. अध्यक्षांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता.

"प्यायले," मी म्हणालो. "मगभर. काल सकाळी, शिडाच्या आड."

खरं बोललो म्हणून मी पुढे अनेक वर्षं स्वतःची समजूत घातली. पण त्या क्षणी माझ्या तोंडात सत्य नव्हतं. त्यात डोलकाठीपलीकडचं पान होतं, लांबून सोडलेली धार होती, शिपायाची जागा होती. घाव नेमका कुठे बसेल हे मला माहीत होतं आणि मी तो तिथे घातला.

पण तो त्यांना बसलाच नाही. अध्यक्षांनी फक्त हात काढून घेतला. बसला तो अक्कांना. त्या पायरीवरून खाली उतरल्या आणि ओल्या वाळूत बसल्या. साठीतली बाई, एवढा वेळ ताठ होती, ती एकदम लहान दिसायला लागली. पिशवी आचाऱ्याकडे देऊन म्हणाल्या, "नारळ पुजाऱ्याला दे. मी आत येत नाही. नवस मोडला."

मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "मी विचारलं म्हणून सांगितलंत, की सांगायला मिळालं म्हणून?"

मी पायांची ओली वाळू झटकू लागलो.

होडीकडे परतताना तांडेल माझ्या कानाशी म्हणाला, "मास्तर, त्याला एकट्याला गाठून चार शिव्या घालायच्या होत्यात. म्हातारीला कशाला मारलंत?"

देवगडला मंडळी उतरली. अध्यक्षांनी टिपणांची वही मागून घेतली, पानं चाळली आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे. जागेचा विचार सोडा." तिथून मी एकटा मोटारीने फोंड्याचा घाट चढून कोल्हापूरला आणि कोल्हापूरहून सांगलीला आलो. गावी जायचा धीर झाला नाही. कॉलेजातल्या एका मित्राच्या खोलीवर उतरलो. जमीन दोन दिवस पायाखाली हलत होती. तिसऱ्या दिवशी बसून दादांना पत्र लिहिलं. जागा दुसऱ्याने भरली, एवढं लिहून भागलं असतं. तसा एक कागद मी लिहिलाही होता. तो फाडून मग हा लिहिला.

सांगली, सोमवार

तीर्थरूप दादांच्या पायांवर डोकं ठेवून लिहितो की,

साताऱ्याची जागा मला मिळाली नाही. ती दुसऱ्या कुणी घेतली नाही, मी घालवली. अध्यक्ष बहिणीचा नवस असताना चोरून पाणी प्यायले, ते मी बहिणीला सांगितलं. त्यांनी विचारलं होतं हे खरं, पण मी रागाने सांगितलं. त्यांनी मला पाच दिवस हिणवलं होतं. तुम्ही माझ्या जागी असता तर गप्प राहिला असता. तुम्ही आमच्यासाठी किती ठिकाणी गप्प राहिला असाल हे मला आता थोडं कळतं. मला पाच दिवस जमलं नाही.

याचा अर्थ तुम्हाला या वर्षी नाव कापता येणार नाही. हे माझ्यामुळे झालं. अध्यक्षांना तुम्ही पत्र लिहून माफी मागू नका. तुमच्या साहेबाकडूनही लिहवून घेऊ नका. अध्यक्ष माणूस म्हणून मला आवडत नाहीत आणि त्यांच्या शाळेत मी टिकलो नसतो. पण हे मी आता म्हणतो, जागा हातात असताना म्हटलं नव्हतं, तेव्हा याला काही किंमत देऊ नका.

उंब्रजला आणि रहिमतपूरला अर्ज धाडले आहेत. रहिमतपूरचं काम वर्षभराचंच आहे. जे आधी मिळेल ते धरीन.

ती बाई साठीच्या पुढे आहे. पाण्यावाचून राहिली आणि शेवटी देवळात गेली नाही. तिने माझा हात लागला म्हणून पाणी फेकलं होतं, त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. तरी ती पायरीवरून उतरली ते डोळ्यांपुढून हलत नाही. दोन्ही कसं असतं ते मला सांगता येत नाही.

वहिनींना मी उद्या गावी जाऊन समोर बसून सांगणार आहे. त्यांना तुम्ही आधी काही कळवू नका. आणि दादा, तुम्ही रागावला असाल तर रागावलो असंच लिहा. 'असू दे' असं लिहू नका.

तुमचा धाकटा